तपासणी गावात, उपचार जिल्ह्याला

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा मार्च २०२६ पर्यंतचा म्हणून आखला गेला होता आणि अशी एखादी मुदत जवळ आली की एक जुना वाद हमखास वर येतो. एचआयव्हीसाठी उभारलेली स्वतंत्र यंत्रणा, म्हणजे वेगळी केंद्रे, वेगळे समुपदेशक आणि वेगळा निधी, तशीच चालू ठेवावी की तिचे सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीनीकरण करावे? विलीनीकरणाचे पुरस्कर्ते म्हणतात की १९९२ साली, प्रभावी औषध नव्हते आणि भीती अफाट होती तेव्हा, उभा केलेला हा डोलारा दिवसाला एका गोळीवर येऊन ठेपलेल्या उपचारासाठी अनाठायी आहे. स्वतंत्र यंत्रणेचे पाठीराखे म्हणतात की ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा सलग मिळण्याची खात्री नाही, त्याच्या हाती हा आजार सोपवणे म्हणजे वीस वर्षांची कमाई पाण्यात घालणे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि तरीही हा वाद भलत्याच जागी अडला आहे. तो चालतो इमारतींविषयी, पदांविषयी आणि लेखाशीर्षांविषयी. रुग्णासमोर बसणाऱ्या माणसाला नेमके काय येते, ते त्याला कोणी शिकवले आणि अडल्यावर त्याने कोणाला विचारायचे, हा प्रश्न त्यात उपस्थितच होत नाही.

माझे म्हणणे आधीच सांगतो. एचआयव्हीचे नियमित उपचार तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून निवडक प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेच पाहिजेत, आणि तिथे ते बव्हंशी परिचारिकांनी चालवले पाहिजेत. पण प्रशिक्षण याचा अर्थ जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवसांची कार्यशाळा, हजेरीपत्रकावर सही आणि प्रवासभत्ता एवढाच राहणार असेल, तर ते तिथे आणू नयेत. ही अट म्हणजे पळवाट नव्हे. सगळा प्रश्न त्या अटीतच आहे.

आजची स्थिती मोठी विसंगत आहे. तपासणी आपण गावापर्यंत नेली. उपकेंद्रातली आरोग्यसेविका गरोदर बाईच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन एचआयव्हीची प्राथमिक चाचणी करते आणि ही साधी गोष्ट नाही, कारण अनेक बाळे त्यामुळे संसर्गापासून वाचली आहेत. पण चाचणी संशयास्पद आली की त्या बाईचा प्रवास सुरू होतो: आधी खात्रीच्या चाचण्यांसाठी समुपदेशन व चाचणी केंद्र, मग एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीच्या विषाणूला दाबणारी औषधे देणारे केंद्र, आणि ते बहुधा जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात. मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी देशातल्या अवघ्या ८ शासकीय रुग्णालयांत सुरू झाली आणि मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक होते. तिथून आज सुमारे सातशे केंद्रांपर्यंत पोहोचणे हे मोठेच यश आहे, आणि त्यांच्या जोडीला औषधवाटपासाठी लिंक एआरटी केंद्रेही आहेत. तरीसुद्धा गडचिरोलीतल्या भामरागडच्या किंवा नंदुरबारमधल्या धडगावच्या रुग्णाला औषध मोफत असले तरी ते आणणे मोफत नसते. एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि घरी सांगायचे निमित्त, असा तिहेरी खर्च दर खेपेला येतो. त्यातला तिसरा अनेकांना सगळ्यांत महाग पडतो.

ऊसतोड कामगारांचे तर विचारूच नये. बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतली कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. एचआयव्हीबाधितांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे; २०२१च्या अंदाजानुसार ती चार लाखांच्या जवळपास होती. तिच्यातले किती लोक वर्षाचे पाच-सहा महिने आपल्या नोंदणीच्या केंद्रापासून शेकडो किलोमीटर दूर फडात असतात, याचा विचार न करता या राज्यात उपचारसेवेची कोणतीही आखणी होऊ शकत नाही. नोंदी आता संगणकावर आहेत, एका केंद्राचा रुग्ण दुसरीकडे औषध घेऊ शकतो, हे खरे. पण कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला ती सोयच ठाऊक नसेल, किंवा समोरच्या बाईने दबक्या आवाजात जे विचारले ते तिला कळलेच नसेल, तर त्या नोंदीचा उपयोग काय?

यावर पहिला आक्षेप येतो तो डॉक्टरांचा: हे काम विशेषज्ञांचे आहे. हा आक्षेप सभ्य भाषेत मांडला जात असला तरी त्याचा इतिहास फारसा सभ्य नाही. आफ्रिकेत एआरटी न्यावी की नाही यावर जगभर खल चालू होता त्या काळात, २००१ साली, अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेच्या प्रमुखांनी असा युक्तिवाद केला होता की आफ्रिकेतल्या लोकांना घड्याळाच्या वेळेची सवय नाही, तेव्हा ते गोळ्या वेळेवर घेऊ शकणार नाहीत. पाच वर्षांनी अनेक अभ्यास एकत्र करून तुलना झाली तेव्हा गोळ्या नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण सहारापारच्या आफ्रिकेत उत्तर अमेरिकेपेक्षा जास्त निघाले. रुग्णांविषयीचा हा अविश्वास ओसरला, पण तोच पुढे परिचारिकांकडे वळला. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात लुसिकिसिकी नावाचा दरिद्री, डोंगराळ भाग आहे. तिथे २००३पासून छोट्या दवाखान्यांत परिचारिकांनी एआरटी चालवली. दवाखान्यांतल्या रुग्णांची प्रकृती मोठ्या रुग्णालयातल्या रुग्णांइतकीच सुधारली आणि उपचार मध्येच सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण तर कितीतरी कमी राहिले, कारण दवाखाना घराजवळ होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली कामाच्या अशा फेरवाटपाची मार्गदर्शक तत्त्वेच प्रसिद्ध केली. पुढे फ्री स्टेट प्रांतातल्या ३१ दवाखान्यांत शास्त्रशुद्ध चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि परिचारिकांनी दिलेले उपचार डॉक्टरांच्या उपचारांपेक्षा उणे ठरले नाहीत. या चाचणीतली एक बाब मला निष्कर्षाइतकीच महत्त्वाची वाटते: प्रशिक्षणासाठी परिचारिकांना शहरात बोलावले नव्हते. प्रशिक्षक त्यांच्या दवाखान्यात जात आणि तिथल्या सगळ्यांना एकत्र बसवून, कामाच्या वेळेत, थोडे थोडे शिकवत.

पण यासाठी आफ्रिकेपर्यंत जाण्याची तरी काय गरज आहे? महाराष्ट्राने हा धडा तीन वेळा गिरवला आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ साली कुष्ठधाम उभे करणारे मनोहर दिवाण डॉक्टर नव्हते आणि बाबा आमटे तर वकील होते. दोघेही ते शास्त्र शिकून घेऊन त्यात उतरले. जामखेडला १९७०पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी खेड्यातल्या, बऱ्याचशा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका केले. त्या स्त्रिया आठवड्यातून एकदा केंद्रात येत, आपले अनुभव मांडत, नवे काही शिकत आणि परत जात, आणि हे काही महिने नव्हे तर वर्षानुवर्षे चालले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५पासून ३९ गावांत आरोग्यदूतांना नवजात बाळाचा जंतुदोष ओळखायला आणि घरात इंजेक्शन द्यायला शिकवले. अर्धशिक्षित बाईच्या हाती सुई देण्याच्या कल्पनेने तेव्हा भुवया उंचावल्या होत्या. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला आणि १९९९ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा उंचावलेल्या भुवया खाली आल्या. तिन्ही ठिकाणी यशाचे श्रेय आपण निष्ठेला आणि त्यागाला देतो. ते आहेच. मात्र त्या कौतुकात शिकवण्याची पद्धत दुर्लक्षित राहते: थोडे शिकवणे, लगेच करायला लावणे, पुन्हा पुन्हा तपासणे आणि शिकवणाऱ्याने पाठ न फिरवणे.

आता विरोधकांचा खरा बळकट मुद्दा घेऊ. दुर्दैव असे की विरोधकच तो नीट मांडत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या परिचारिकेसमोर दिवसभर एचआयव्हीचेच रुग्ण असतात. तिचा हात सरावतो. आपल्याकडे तसे नाही. सपाट प्रदेशातले प्राथमिक आरोग्य केंद्र सुमारे ३० हजार लोकवस्तीसाठी असते आणि आदिवासी भागात २० हजारांसाठी. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातले संसर्गाचे प्रमाण २०२१च्या अंदाजात हजारी चारच्याही आत होते. ढोबळ हिशेब केला तर एका केंद्राच्या वाट्याला सरासरी पन्नास-साठ रुग्ण येतील आणि कमी संसर्गाच्या जिल्ह्यात त्याहून बरेच कमी. जे काम अधूनमधूनच पडते त्याचे कौशल्य टिकत नाही. औषधाला दाद न देणारा विषाणू, क्षयाची जोड, मेंदूतला बुरशीचा संसर्ग अशी गुंतागुंत तर वर्षा-दोन वर्षांत एखादीच समोर येईल आणि नेमकी तेव्हाच ती ओळखता येणार नाही. हे मान्य केल्याशिवाय विकेंद्रीकरणाची भाषा करणे बेजबाबदारपणाचे आहे.

मात्र या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष ‘उपचार शहरातच ठेवा’ असा नाही. स्थिर झालेल्या आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, दबलेल्या रुग्णाला विशेषज्ञाची गरज नसते. त्याला गोळ्या, वजन आणि क्षयाच्या लक्षणांची चौकशी, वेळेवर रक्ताचा नमुना आणि आपुलकीने बोलणारे माणूस लागते. अवघड रुग्ण ओळखून वर पाठवणे हे वेगळे, मर्यादित आणि शिकवता येण्याजोगे कौशल्य आहे. शिवाय कमी रुग्णांमुळे गंजणारे ज्ञान ताजे ठेवण्याची रीतही सापडलेली आहे आणि ती शोधणारा माणूस मूळचा भारतीय आहे. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात हेपॅटायटिस सीचे रुग्ण दूरदूरच्या खेड्यांत आणि तुरुंगांत विखुरलेले होते. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३पासून तिथल्या साध्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना दर आठवड्याला दृक्‌श्राव्य दुव्याने एकत्र आणले; प्रत्येकाने आपला एक रुग्ण मांडायचा आणि सगळ्यांनी मिळून तो सोडवायचा. २०११ साली हिशेब लागला तेव्हा विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण बरे झाले होते आणि खेड्यांत व तुरुंगांत ५८.२ टक्के. एका केंद्राकडे रुग्ण थोडे असले तरी वीस केंद्रांचे रुग्ण एकत्र चर्चिले की प्रत्येकाचा अनुभव वीसपट होतो. जामखेडची साप्ताहिक बैठक आणि ही बैठक यांत तत्त्वाचा फरक नाही. आपल्याकडे आरोग्य खात्यात दूरदृश्य बैठकांना काही तोटा नाही. प्रश्न इतकाच की त्यात आकडे मागितले जातात की रुग्णाबद्दल बोलले जाते.

दुसरा आक्षेप रुग्णांचा आहे, म्हणून तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. गावाजवळच्या केंद्रात शिपाई ओळखीचा, औषधनिर्माता नात्यातला आणि आशाताई शेजारची. कित्येक रुग्ण जवळचे केंद्र सोडून मुद्दाम दूरच्या केंद्रात नाव नोंदवतात, ते अज्ञानाने नव्हे. केसपेपरवर लाल शाईची खूण, वॉर्डाच्या टोकाला वेगळी खाट, बाळंतपणाच्या कळा सुरू असताना ‘वरच्या दवाखान्यात न्या’ हा सल्ला, हे सगळे ग्रामीण भागातल्या बाधितांच्या बोलण्यात वारंवार येते. तेव्हा जवळचे केंद्र सक्तीचे करू नये आणि निवड रुग्णाचीच असावी, हे पहिले. कोविडच्या काळात दोन-तीन महिन्यांची औषधे एकदम देण्याची सोय झाली. दूरच्या केंद्रालाच पसंती देणाऱ्यासाठी ती कायम हवी, हे दुसरे. परंतु तिसरी गोष्ट टाळता येत नाही. जो रुग्ण एआरटीसाठी शहरात जातो तो सर्पदंशासाठी, बाळंतपणासाठी आणि अपघात झाल्यावर जवळच्याच केंद्रात येणार आहे. तिथले कर्मचारी घाबरत राहिले तर शहरातले उत्तम एआरटी केंद्र त्याच्या काय कामाचे?

आणि ते का घाबरतात, हे कोणी विचारत नाही. कलंक हा समाजाच्या मनात असतो, असे भाषणांत म्हणायला सोपे आहे. परिचारिकेच्या बाबतीत तो बऱ्याचदा सुईच्या टोकावर असतो. संसर्गित सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन असते. लस न घेतलेल्याला हेपॅटायटिस बीचा धोका याच्या कितीतरी पट. सुई टोचल्यावर शक्य तर दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध सुरू करून ते २८ दिवस घ्यायचे असते. हे औषध कुठे ठेवले आहे, रात्रपाळीत कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे सफाई कामगारापासून वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत सर्वांना माहीत असलेल्या केंद्रात आणि नसलेल्या केंद्रात रुग्णाला मिळणारी वागणूक वेगळी असेल, हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. २०१७चा एचआयव्ही आणि एड्स कायदा, जो १० सप्टेंबर २०१८पासून लागू झाला, तो हेच सांगतो: जिथे संसर्गाचा धोका आहे तिथल्या कर्मचाऱ्यांना संरक्षक साधने, प्रतिबंधक औषध आणि प्रशिक्षण देणे ही संस्थेची जबाबदारी आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे आणि भेदभाव न करणे हेही त्याच कायद्यात आहे. आपण कर्मचाऱ्यांना दुसरा भाग ऐकवतो आणि पहिला विसरतो. मग ते शिकवणीला नाक मुरडतात यात नवल नाही. म्हणूनच प्रशिक्षण एकट्या डॉक्टरचे नव्हे, तर संपूर्ण पथकाचे हवे. नोंदणीच्या खिडकीवर बसणारा कारकून, कक्षसेवक आणि रुग्णवाहिकेचा चालक यांच्यापैकी एकाच्या तोंडून नाव फुटले तरी बाकीच्यांचे शिक्षण वाया जाते. आणि हे शिकवायला बाधित व्यक्तींनाच बोलवावे, मानधन देऊन, आभाराच्या शालीवर भागवून नव्हे. सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेच्या कामातून पुढे आलेल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेने आपल्या वस्तीतला प्रतिबंधाचा कार्यक्रम स्वतः चालवून दाखवला. रुग्ण शिकवू शकत नाही, या समजुतीला त्यानंतर तरी आधार उरलेला नाही.

विलीनीकरणाच्या विरोधात सर्वांत मोठा पुरावा मात्र आफ्रिकेतला नाही आणि तो आकडेवारीतही नाही. तो कुष्ठरोगाचा आहे आणि विलीनीकरणाच्या पुरस्कर्त्यांनी त्याच्याकडे डोळे उघडून पाहायला हवे. बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग आटोक्यात आला, त्यासाठी गावोगाव फिरणारे स्वतंत्र, प्रशिक्षित कर्मचारी होते. नव्या शतकाच्या आरंभी ती यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली गेली आणि डिसेंबर २००५मध्ये देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारी एकाच्या खाली आले म्हणून निर्मूलन जाहीर झाले. त्वचेवरचा चट्टा पाहून ओळखणारी आणि बोटांच्या संवेदना तपासणारी नजर यानंतर कोणाकडे राहिली? बहुउद्देशीय कर्मचाऱ्याच्या डझनभर कामांत ते आणखी एक काम झाले. २०१६पासून घरोघर शोधमोहिमा पुन्हा हाती घ्याव्या लागल्या, आणि त्यांत न नोंदलेले रुग्ण सापडत गेले. औषध होते, कागदावर केंद्रेही होती. हरवले होते ते ओळखणारे माणूस. एचआयव्हीमध्ये याची पुनरावृत्ती झाली तर ती अधिक घातक ठरेल, कारण इथे औषध काही महिन्यांत किंवा वर्षभरात संपत नाही, ते आयुष्यभर घ्यायचे आहे. म्हणून या आक्षेपापुढे मी माघार घेतो ती एवढीच: समुपदेशकांची कंत्राटी पदे आधी रद्द करून मग ‘परिचारिका शिकतील’ असे म्हणणाऱ्या कोणत्याही विलीनीकरणाला विरोधच केला पाहिजे. गेली वीस वर्षे रुग्णांशी बोलण्याचे कसब ज्यांच्याकडे साठले आहे ते हेच कंत्राटी लोक आहेत. नव्या व्यवस्थेत त्यांना शिक्षक म्हणून घ्यावे, आणि एका समुपदेशकाकडे तालुक्यातली चार-पाच केंद्रे फिरतीवर द्यावीत.

खर्चाचा आक्षेप मी थोडक्यात आटोपतो, कारण तो मला फारसा प्रामाणिक वाटत नाही. एका रुग्णाचे औषध मध्येच सुटले, विषाणू वाढला आणि पुढच्या पायरीची महागडी औषधे सुरू करावी लागली, तर येणारा खर्च कोणत्याच प्रशिक्षणाच्या खात्यावर पडत नाही, म्हणून तो दिसत नाही. उलट उपचार नीट चालले तर संसर्ग पुढे जातच नाही. २०११ साली जाहीर झालेल्या ज्या आंतरराष्ट्रीय चाचणीने लवकर उपचार केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो हे दाखवले, तिच्या केंद्रांत पुणेही होते. हे ज्ञान ज्या शहरातून जगात गेले, तिथून शे-दीडशे किलोमीटरवरच्या ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिकेला ते कोणी विश्वासाने सांगितले असेल का, याची मला शंका आहे.

कर्मचाऱ्यांच्या बदल्यांची अडचण मात्र खरी आहे. बंधपत्रित डॉक्टर वर्षभरात जातो, त्याच्या जागी नवा येतो आणि कार्यशाळेचे प्रमाणपत्र पहिल्याबरोबर निघून जाते. यामुळेच ज्ञानाचा मुक्काम व्यक्तीत नव्हे, तर पथकात हवा आणि त्या पथकाचा कणा परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी व प्रयोगशाळा तंत्रज्ञ हाच असायला हवा. नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरला तिथली परिचारिकाच पहिले धडे देईल, अशी व्यवस्था पुष्कळांना उफराटी वाटेल. तिला तसा अधिकार लेखी द्यावा लागेल आणि औषधाची पुनर्चिठ्ठी लिहिण्याची मुभाही. नाहीतर ती शिकेल आणि सहीसाठी डॉक्टरची वाट पाहत बसेल.

सुरुवात सगळ्या राज्यात एकदम करण्याचा मोह टाळावा. बीडमधले दोन तालुके आणि त्यांतले मजूर ज्या कारखान्यांवर जातात ते सांगली-कोल्हापूरकडचे दोन तालुके, अशी जोडी निवडून दोन्ही टोकांच्या पथकांना एकाच साप्ताहिक चर्चेत बसवावे, म्हणजे टोळीबरोबर निघालेल्या रुग्णाची खबर त्याच्या आधी तिकडे पोहोचेल, अर्थात त्याच्या संमतीने. किती जण प्रशिक्षित झाले हा आकडा मागूच नये. हंगाम संपून गावी परतलेल्या रुग्णांपैकी किती जणांच्या गोळ्या एकही महिना चुकल्या नाहीत आणि किती जणांचा व्हायरल लोड दबलेला राहिला, एवढे दोनच आकडे मागावेत आणि ते जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीपुरते न ठेवता त्या पथकांनाही दाखवावेत. हे काम दसऱ्याच्या आत, म्हणजे टोळ्या गाव सोडण्यापूर्वी, सुरू व्हायला हवे.